टेल्स ऑफ मंकी आयलंड: पाच भागांत डावं-उजवं

'पहिला भाग खेळून बघतो, आवडला तर पुढचे' असं म्हणणारे बरेच भेटतात. 'टेल्स ऑफ मंकी आयलंड' या चाच्यांच्या साहसी व्हिडिओ गेममध्ये हा हिशेब चुकतो. टेलटेल गेम्सने जुलै ते डिसेंबर २००९ मध्ये पाच भाग एकामागून एक काढले, पण गोष्ट सलग एकच आहे आणि तिला खरा रंग तिसऱ्या भागात चढतो.

पहिला भाग फ्लॉटसॅम बेटावर घडतो. वारा चहूबाजूंनी बेटाकडेच वाहतो, त्यामुळे आलेलं जहाज परत जाऊ शकत नाही. आपला नायक, चाचा गायब्रश थ्रीपवुड, याचा डावा हात शापाने झपाटलाय आणि मनाला येईल तसं वागतो. जंगलातली भटकंती फार लांबते, हे खरं. पण तिथल्या एका डॉक्टरच्या प्रयोगशाळेतलं खुर्चीचं कोडं मालिकेतल्या सर्वोत्तम कोड्यांपैकी आहे. गायब्रश खुर्चीला जखडलेला, हाताने काही करता येत नाही, समोर एक माकड. पाय कुठवर पोचतो आणि त्याने काय साधता येईल, एवढंच बघायचं. सगळं डोळ्यांसमोर असतं तरी सुचत नाही, आणि सुचलं की आपल्यालाच हसू फुटतं.

दुसरा भाग मला सगळ्यात फिका वाटतो. मत्स्यमानवांची बेटं, या बेटावरून त्या बेटावर खेपा. तरी तो गाळू नका. गायब्रशचा जुना वैरी लेचक, एरवी मेलेला भुताळी चाचा, आता साधा माणूस झालाय आणि इथे मदतीला उभा राहतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न इथे मनात रुजला नाही तर चौथा भाग अर्धाच पोचेल.

तिसरा भाग माझा सर्वांत लाडका. जवळपास सगळा खेळ एका प्रचंड मॅनटीच्या, म्हणजे समुद्रगाईच्या पोटात. जागा थोडी, पात्रं मोजकी, त्यामुळे संवाद मस्त जमलेत. चाच्यांमधली भयानक तोंडं करून दाखवायची स्पर्धा बघा: डोळे कसे, तोंड कसं, हे एकेक जुळवत प्रतिस्पर्ध्याला घाबरवायचं. १९९० च्या पहिल्या मंकी आयलंड गेममध्ये तलवारीपेक्षा खोचक शिव्या आणि त्यांना चोख उत्तरं देऊन लढाई जिंकायची; त्या शिव्यांच्या तलवारबाजीचं हे फार सुंदर रूप आहे. शिवाय मरी ही बोलकी कवटीही इथे आहे. मॉर्गन लेफ्ले ही गायब्रशच्या मागावर असलेली तरुणी याच भागात खरी उलगडते.

चौथ्यात पुन्हा फ्लॉटसॅम. गायब्रशवर खटला, सरकारी वकील म्हणून जुन्या गेममधला बोलघेवडा विक्रेता स्टॅन, आणि पहिल्या भागातली मंडळी तक्रारदार. न्यायालयाचा भाग धमाल आहे, शेवट मात्र जिव्हारी लागतो. गोष्टीसाठी खेळत असाल तर हाच सर्वांत वजनदार.

पाचवा कुठून सुरू होतो हे सांगितलं तर चौथ्याची मजा जाईल. जुन्या जागा परत येतात, कोडी थोडी थकवतात, पण गोष्ट नीट पूर्ण होते.

फक्त कोड्यांची हौस असेल तर पहिला आणि तिसरा भाग शांतपणे, वेळ देऊन खेळा. दुसरा भराभर उरका. जुने गेम खेळलेले नसले तरी अडत नाही. माऊस ओढून गायब्रशला चालवणं वैतागवाणं आहे, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून कीबोर्डच वापरा.