मेडले रिले: चौघांना तलावात उतरवायचं की ट्रॅकवर?

तलावातल्या ४×१०० मीटर मेडलेत अंतर सगळ्यांना सारखं, पोहण्याचा प्रकार मात्र बदलतो: बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, शेवटी फ्रीस्टाइल. बॅकस्ट्रोक पहिला, कारण त्याची सुरुवात पाण्यातून होते. मधे ठेवला तर भिंतीपाशी दोघांची टक्कर ठरलेली. ट्रॅकवर उलट. धावायचं सगळ्यांनीच, अंतर वाढत जातं: १००, २००, ३००, ४००, एकूण १००० मीटर.

संघ निवडताना आधी ब्रेस्टस्ट्रोकवाला शोधा. नियमात बसेल असा पाय मारणारा कोणी नसेल तर तलावाचा नाद सोडा. वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागले नाहीत, की चौघेही बाद. (बटरफ्लायलाही हेच.) ट्रॅकवर २०० वाला आजारी पडला तर १०० वाल्याला पुढे सरकवून कसंबसं निभावता येतं.

बदली, म्हणजे एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होणं, तलावात सोपी वाटते. आधीच्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पुढच्याच्या पायाची बोटं ब्लॉकवर (उडी मारायच्या ओट्यावर) हवीत. तोवर झुकायला, हात फिरवायला हरकत नाही. फसतो तो बहुधा बटरफ्लायवाला, कारण ब्रेस्टस्ट्रोकवाला शेवटी सरकत येतो आणि अंदाज चुकतो.

ट्रॅकवरच्या तीन बदल्या मात्र एकसारख्या नाहीत, आणि सराव कमी पडतो तो इथेच. पहिल्या दोन बदल्यांत बॅटन (हातोहात द्यायची दांडी) ३० मीटरच्या पट्ट्यातच द्यायचा, आपापल्या लेनमध्ये, मागे न बघता. घेणाऱ्याने पावलं मोजून मागे खूण करायची. देणारा खुणेवर आला की सुसाट सुटायचं आणि हाक आली की हात मागे. खूण फार मागे असली तर बॅटन पट्ट्याबाहेर जातो; पाय कुठे होते ते कोणी बघत नाही, बॅटन कुठे होता ते बघतात. दुसरी बदली झाली की थोड्याच अंतरावर आपली लेन सोडायची मुभा मिळते, म्हणून ३०० वाल्याला गर्दीतून वाट काढता यायला हवी. तिसरी बदली २० मीटरची. देणारा तोवर पार थकलेला असतो, तेव्हा घेणाऱ्याने मागे बघून बॅटन त्याच्या हातातून काढूनच घ्यावा.

बॅटन पडला तरी ज्याच्या हातून पडला त्याने उचलून, कुणाच्या आड न येता पुढे धावता येतं. तलावात चुकीला अशी माफी नाही. आपला चौथा संपला म्हणून आनंदाने पाण्यात उडी मारू नका. बाकीचे संघ पोहत असतील तर तेवढ्यानेही बाद होता.