जकातीच्या दारातून दिसणारे शहर : 'पेव्हिस'

टेबलाभोवती बसून फासे टाकत आणि तोंडी कथा रचत खेळायच्या 'रूनक्वेस्ट' या खेळासाठी केऑसियम या अमेरिकन कंपनीने १९८३ साली 'पेव्हिस' नावाचा एक संच काढला. त्याच वर्षी आलेला 'बिग रबल' हा त्याचा जोडसंच. दोन्ही आता डिजिटल स्वरूपात विकत मिळतात, आणि गेले पाच महिने दर रविवारी संध्याकाळी नागपुरात, महालातल्या आमच्या घरी, आम्ही पाच जण त्यांवर खेळत आहोत. फाशांच्या नियमांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते त्यातल्या शहराबद्दल, कारण या संचाची खरी किंमत त्या शहराच्या इतिहासात आणि राजकारणात आहे.

ग्रेग स्टॅफर्ड यांनी निर्माण केलेल्या ग्लोरांथा या कल्पित जगात, प्रॅक्स नावाच्या रखरखीत माळरानातून वाहणाऱ्या झोला फेल नदीच्या काठी हे शहर आहे. जुन्या नगराची भिंत महाकायांनी बांधलेली. पेव्हिस नावाच्या अर्ध्या माणसाने, अर्ध्या एल्फने (एल्फ ही कथांमधली वनात राहणारी जमात), चेहरा नसलेल्या एका प्रचंड पुतळ्याच्या बळावर त्यांना हरवले, भिंतीच्या आत नगर वसवले आणि अखेर स्वतःच त्या नगराचा देव झाला. पुढे ट्रोल नावाचे राक्षस शिरले आणि नगराचे अवशेष उरले. त्यांनाच 'बिग रबल' म्हणतात. त्या जगाच्या कालगणनेतील १५५० साली सार्तार या शेजारच्या राज्यातून आलेल्या दोरासारने जुन्या भिंतीला लागूनच, पण तिच्या बाहेर, नवे पेव्हिस उभे केले. १६१० साली ल्यूनर साम्राज्याच्या फौजा आल्या, आणि आज तिथे सोर-ईल हा त्यांचा सुभेदार कारभार पाहतो.

आता इतका इतिहास कोणत्याही कल्पित शहराला चिकटवता येतो. इथे फरक असा की त्यातला प्रत्येक थर आजही कुणाच्या तरी हिताचा किंवा अडचणीचा आहे. पेव्हिस देवाचे देऊळ जुन्या रहिवाशांचे, म्हणून ल्यूनर सत्ता त्याला हात लावत नाही. ऑरलांथ हा वादळाचा देव सार्तारच्या लोकांचा, म्हणजे ल्यूनरांनी जिंकून घेतलेल्यांचा, म्हणून त्याच्या भक्तांवर नजर असते. इसारीज हा व्यापाराचा देव. बाजारातली शांतता त्याच्या नावाने राखली जाते आणि ती सर्वांनाच हवी असते. माळरानावरच्या टोळ्या रानबैल, गेंडे, इम्पाला जातीची हरणे आणि लामा नावाचे उंच, उंटासारखे प्राणी यांवर बसतात आणि घोड्याचा तिरस्कार करतात. त्यांच्याशिवाय शहराचा व्यापार चालत नाही आणि त्यांची भीतीही जात नाही. धर्म, व्यापार आणि सत्ता यांची ही वीण इतकी घट्ट आहे की देवळात वाहिलेले नाणेसुद्धा राजकीय ठरते.

मला हे सारे सर्वांत स्पष्ट दिसले ते अवशेषांच्या दरवाज्यावर. साहसी लोक आत जातात, जीव मुठीत धरून जुने सोने, मूर्ती, शस्त्रे बाहेर आणतात, आणि बाहेर पडताना ल्यूनर शिपाई त्यातला हिस्सा कर म्हणून घेतात. आमच्या तिसऱ्या बैठकीत माझी भाची साकारत असलेल्या सार्तारी तरुणीकडे पितळेची एक छोटी घंटा होती. शिपायाने ती हातात घेतली, उलटी केली, आतला लोळा अंगठ्याने हलवून पाहिला आणि विचारले, ही कोणत्या देवळातली? लढाई नाही, जादू नाही. तरीही टेबलावर पूर्ण शांतता पसरली, कारण उत्तर 'ऑरलांथच्या' असे दिले असते तर कर राहिला बाजूला, अटकच झाली असती. तिने 'पेव्हिसच्या' असे सांगितले आणि ते खोटे पुढच्या चार बैठका आमच्या मागे लागले. जकात नाक्यावर खोळंबलेले ट्रक ज्याने पाहिले आहेत, त्याला राज्य कुणाचे हे ओळखायला राजवाड्यात जावे लागत नाही.

नागपूरकराला या शहराशी नाते जुळवणे अवघड जात नाही. १७०२ साली देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी वसवलेले हे गाव पुढे भोसल्यांकडे गेले, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या मुठीत आले आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले. मात्र सत्ता बदलल्या तरी इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही आठवडी बाजारांची नावे टिकली. दोरासारच्या वसाहतीत इसारीजचा बाजार ल्यूनर अमलातही का चालू राहतो, हे मला इतवारीच्या गल्ल्या ओळखीच्या असल्यामुळेच पटकन समजले, असे मला मनापासून वाटते.

उणीव सांगायची तर शेतकऱ्यांची. शहराला धान्य पुरवणाऱ्या नदीकाठच्या वस्त्यांना या संचात मला हवी होती तितकी जागा मिळालेली नाही. ल्यूनर साम्राज्याने जमिनी देऊन वसवलेल्या लोकांचा तपशील 'बॉर्डरलँड्स' या १९८२ च्या दुसऱ्या संचात शोधावा लागतो. इंग्रजी दाट आहे आणि अक्षरे बारीक आहेत. मोबाइलवर वाचू नये. आम्ही नकाशा एका झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर काढून घेतला, तो इतका फिका आला की नदी आणि रस्ता यांतला फरक शेवटी निळ्या पेन्सिलीने गिरवावा लागला. हा खर्च धरूनच संच घ्यावा.

दोन्ही संच एकत्र घ्यावेत, आणि टेबलावर खेळ चालवणाऱ्याने देवांची माहिती आधी वाचावी, कारण तिच्याशिवाय शहरातले निम्मे वैर कळत नाही. नवशिक्यांसाठी सोपी असलेली चोरीची मोहीम आधी खेळावी. संचातला सर्वांत मोठा प्रसंग पाळण्याचा आहे : महाकायांचे अर्भक असलेला जहाजाएवढा पाळणा नदीतून वाहत येतो आणि ल्यूनर फौज तो अडवायला उभी राहते. येत्या रविवारी आम्ही तिथे पोहोचू. भाचीची ती घंटा अजून आमच्याकडेच आहे, आणि पाळण्यावर चढायचे की काठावरून पाहायचे यावर आमचे एकमत झालेले नाही.