स्लीप स्टडी (झोपेची रात्रभराची तपासणी) करून आले, त्याबद्दल

दोन वर्षं मी रात्रीच्या लघवीवर औषध घेत होते. रात्री तीन-चारदा उठायचे. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. सकाळी डोकं जड, आणि शाळेत शेवटच्या तासाला मुलं गणितं सोडवत असली की बसल्या जागी डोळा लागायचा. वय झालं, ताण असेल, असं सगळे म्हणाले आणि मीही ते धरून चालले. मी भिंती हादरतील असं घोरत नाही, त्यामुळे झोपेचा आजार कुणालाच सुचला नाही. बायका थकवा आणि झोपमोड सांगतात, घोरणं सांगत नाहीत, आणि तिथेच निदान राहून जातं. याचा मला आजही राग येतो.

ओळखलं ते मुलीने. एका रात्री ती माझ्या शेजारी झोपली होती. सकाळी म्हणाली, "आई, तू श्वास घ्यायची थांबतेस गं." तिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. हलकं घोरणं, मग काहीच नाही, मग बुडणारं माणूस वर यावं तसा हिसका. मधली शांतता मी घड्याळ लावून मोजली: २२ सेकंद. झोपेत श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात.

डॉक्टरांनी आधी एपवर्थची प्रश्नावली भरून घेतली. आठ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. माझी १५ आली. घरी करायची तपासणीही असते, पण त्या यंत्रात सहसा मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत. आपण जागे पडून असलो तो वेळही हिशेबात येतो आणि आकडा कमी दिसू शकतो. माझी झोप सारखी मोडणारी, म्हणून त्यांनी लॅबमध्येच रात्र काढायला सांगितलं.

तिथली टेक्निशियन मुलगी फार चांगली होती. पट्टीने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या, केस बाजूला सारून प्रत्येक जागा घासून पुसली आणि गार पेस्ट लावून वायर बसवली. डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला, छातीवर, दोन्ही पोटऱ्यांवर. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. पाऊण तास लागला. प्रत्येक वायर कशाची हे ती लावता लावता सांगत होती, त्यामुळे भीती गेली. मग शेजारच्या खोलीतून स्पीकरवर आवाज: "ताई, फक्त डोळे वर-खाली करा. आता दात आवळा. आता घोरल्यासारखं करा." वायरी नीट चालतात का, ते असं बघतात.

मला वाटलं, एवढ्या जंजाळात झोप कसली येते! पण आली. बाथरूमला जायचं तर बेल द्यायची. ती येऊन सगळ्या वायरींची डबी सोडवून गळ्यात अडकवून द्यायची. एकदा बोटाचा चिमटा निसटला, तर मिनिटभरात ती दारात हजर. अख्खी रात्र कोणीतरी माझा श्वास बघत बसलं होतं, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

खटकल्या त्या दोन गोष्टी. दाराच्या फटीतून कॉरिडॉरचा दिवा थेट डोळ्यांवर येत होता. झोपेच्या लॅबमध्ये एवढं तरी बघायला हवं. आणि दुसरी जास्त लागली: रिपोर्ट काउंटरवर पाकिटात घालून हातात दिला, समजावायला कोणी नाही. ताशी २७ वेळा श्वास अडतो, ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरला, हे मी रिक्षात एकटीने वाचलं. हात थरथरत होते. १५ ते ३० म्हणजे मध्यम, ३० च्या वर तीव्र, हे सांगायला कुणाला दोन मिनिटं लागली असती.

पुढे डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. उताणी असताना आणि स्वप्नांच्या झोपेत, जेव्हा स्नायू सैल पडतात, तेव्हा माझा श्वास सर्वांत जास्त अडतो. लघवीचंही कोडं सुटलं: बंद घशातून श्वास ओढताना छातीत ताण पडतो, हृदय ताणलं जातं आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. दोन वर्षं औषध भलत्याच जागी चाललं होतं.

जाणार असाल तर केस धुऊन, तेल न लावता जा. एका बोटाचं तरी नेलपॉलिश काढा. त्या दिवशी दुपारी झोपू नका, चहा-कॉफी टाळा. पुढे बटणं असलेले कपडे न्या. रोजच्या गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

आता सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. त्यात हवेचा दाब किती लागेल, ते ठरवायला अजून एक रात्र जायचंय. त्याच लॅबमध्ये, त्याच मुलीची ड्यूटी असेल तेव्हाची तारीख घेतली आहे. रिपोर्ट समजावून सांगायची वेळ मात्र या खेपेला आधीच लिहून घेतली, आणि दाराच्या फटीला लावायला घरून जाड टॉवेल नेणार आहे.