ड्रिफ्टिंग शिकायचंय: सिम्युलेटर, ओलं स्किडपॅड की स्वतःची गाडी?

ड्रिफ्टिंग म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणातून नेणं. त्यासाठी मागची चाकं घसरवणं कुणालाही जमतं. रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत वळणावर जास्त रेस दिली की झालं. खरं कसब त्यानंतरचं: स्टेअरिंग घसरणीच्या दिशेला वळवायचं, रेस कमी-जास्त करत गाडी त्याच कोनात धरायची आणि हवी तेव्हा सरळ करायची. घाबरून रेस एकदम सोडली, तर मागच्या टायरना अचानक पकड मिळते आणि गाडी झटक्यात दुसऱ्या बाजूला फेकली जाते. त्यामुळे सुरुवात कुठे करायची हे ठरवताना मी एवढंच बघेन, की हा झटका कमी वेगात आणि कमी धोक्यात कुठे अनुभवता येईल.

माझं मत ओल्या स्किडपॅडला, म्हणजे घसरण्याच्या सरावासाठी पाणी मारून ठेवलेल्या मोकळ्या पटांगणाला, तेही प्रशिक्षक शेजारी असताना. पाण्यामुळे पकड कमी होते, गाडी कमी वेगातच घसरते आणि सावरायला क्षणभर जास्त वेळ मिळतो. टायर आणि क्लचही कमी झिजतात. आधी एका शंकूभोवती गोल घसरत राहायचं, मग दोन शंकूंभोवती इंग्रजी आठचा आकडा. या आठच्या मध्यावर वजन एका बाजूकडून दुसरीकडे जातं आणि बहुतेकांची गाडी तिथेच गरकन फिरते. फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून थांबायचं. उणीव एकच: कोरड्या डांबरावर पकड परतते ती फार जोरात, आणि त्याची सवय इथे लागत नाही.

सिम्युलेटर सगळ्यात स्वस्त, पण फोर्स फीडबॅकचं (टायरचा जोर हाताला जाणवून देणारं) स्टेअरिंग आणि क्लच पेडल असेल तरच उपयोगाचा. गेमपॅडवर मजा येते, सवय लागत नाही. स्टेअरिंग हातातून सैल फिरू देणं आणि जिथे जायचंय तिथे नजर ठेवणं, या दोन गोष्टी इथे छान बसतात. मागची बाजू सुटतेय हे मात्र खऱ्या गाडीत आधी सीटमधून, अंगाला कळतं. ते घरी खुर्चीत बसून कसं कळणार? शिवाय रीसेटचं बटण असलं की भीती वाटत नाही आणि हात उगाच धीट होतात.

स्वतःची गाडी सगळ्यात शेवटी. मॅन्युअल गिअर, रिअर-व्हील ड्राइव्ह आणि शक्यतो लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हवं. डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग; लिमिटेड स्लिप असेल तर एकच चाक मोकळं फिरण्यावर लगाम बसतो. साध्या डिफरन्शियलमध्ये बरेचदा आतलं हलकं झालेलं चाक नुसतंच फिरत बसतं. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडीची घसरण आपोआप रोखणारी यंत्रणा) पूर्ण बंद होतो का, तेही पाहा. खर्च टायरपाशी थांबत नाही: क्लच, कूलंट, आणि विमा, कारण ट्रॅकवरचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत धरलेलं नसतं. हेल्मेट घालायचंच. रिकामा रस्ता हा पर्याय इथे मुद्दामच धरलेला नाही. ड्रिफ्टिंग जपानच्या घाटरस्त्यांवर फोफावलं खरं, पण २००१ साली सुरू झालेल्या डी-वन ग्रां प्री या जपानी ड्रिफ्टिंग मालिकेसारख्या स्पर्धाही बंदिस्त जागेतच होतात.

फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी असेल, तर ती यासाठी बाहेर काढू नका. हँडब्रेकने मागची बाजू सुटेल, पण रेस देऊन ती घसरण टिकवता येत नाही. त्यापेक्षा ते पैसे स्किडपॅडवर, तिथल्याच गाडीत, अर्धा दिवस शिकायला लावा.