सहा वर्षे झाकून ठेवलेली थंडरबर्ड आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणणारे गॅरेज

माझी रॉयल एन्फील्ड थंडरबर्ड ३५० ही २०१३ सालची आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये या मॉडेलची जी नवी आवृत्ती बाजारात आली, तिच्यातील २० लिटरच्या टाकीवर भाळून मी ती घेतली होती, आणि त्या टाकीच्या जिवावर आंबोली, गोकर्ण, कच्छ अशा बऱ्याच वाटा तुडवल्या होत्या. २०१९ नंतर घरातल्या अडचणींमुळे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जी थांबली, ती थांबलीच. काळजी म्हणून मी तिच्यावर प्लास्टिकचे जाड आच्छादन घातले होते. हीच माझी सर्वांत मोठी चूक होती, हे मला या गॅरेजमध्ये समजले. हवा न जाणाऱ्या आच्छादनाखाली पावसाळ्यातला दमटपणा कोंडून राहतो आणि उघड्यावरच्या गाडीपेक्षा झाकलेली गाडी अधिक गंजते.

गेल्या वर्षी हे आच्छादन काढले तेव्हा दोन्ही टायर बसलेले होते, सायलेन्सरवर तपकिरी पुरळ उठले होते, चेन एका काठीसारखी ताठ झाली होती आणि सीटखाली उंदरांनी वायरिंग कुरतडून ऐसपैस घर केले होते. मी चार ठिकाणी चौकशी केली. तिघांनी गाडी न पाहताच फोनवर आकडा सांगितला. चौथे गॅरेज पुण्यात कात्रजच्या अलीकडे, एका आडव्या गल्लीत आहे. तेथील मिस्त्रींनी आकडा सांगितलाच नाही. ते एवढेच म्हणाले, "साहेब, एक करा. धुवून आणू नका, आहे तशीच आणा. धुतली की तेल कुठून गळत होतं तेच कळत नाही." या वाक्यावर मी गाडी त्यांच्याकडे टेम्पोतून पाठवली. पुढे जी तक्रार येणार आहे ती पाहता गॅरेजचे नाव येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही. पण जुनी गाडी कोणाच्याही हाती सोपवताना काय पाहावे, हे या अनुभवातून नेमके सांगता येईल.

या गॅरेजमध्ये दोन विभाग आहेत आणि त्या दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. आतल्या बाजूला मिस्त्री आणि त्यांचे दोन मदतनीस यंत्राचे काम करतात, तर रस्त्याकडच्या काचेच्या खोलीत 'डिटेलिंग', म्हणजे गाडी धुऊन-घासून चमकवण्याचे काम, चालते. माझे परीक्षणही त्यामुळे दुभंगलेले आहे.

आधी आतल्या विभागाविषयी. मिस्त्रींच्या दृष्टीने सफाई हा तपासणीचाच भाग आहे. इंजिनाच्या डाव्या बाजूला चिकटलेला काळा थर त्यांनी ब्रशाने आणि डिझेलने, अक्षरशः वीतभर जागा घेऊन, उतरवला. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून डिझेल. थर कुठे ओला आहे, कुठे कोरडा धुळकट आहे आणि कुठे त्याला तेलाची जुनी वाट दिसते, हे ते मला दाखवत गेले. गिअरचा दांडा इंजिनातून जेथे बाहेर येतो तेथील, तेल अडवणारे रबरी सील गळत असल्याचे अशा रीतीने पहिल्याच दिवशी ध्यानात आले. गाडी धुऊन नेली असती तर ते पाचशे किलोमीटरनंतर कळले असते.

इंजिन सुरू करण्याची घाई त्यांनी मुळीच केली नाही. या गाडीच्या सिलिंडरला दोन प्लग असतात. ते दोन्ही काढून आत थोडे तेल सोडले, एक दिवस तसेच राहू दिले आणि दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले. पिस्टन सुटलेला आहे याची खात्री अशी पटल्यावर जुने इंजिन ऑइल काढले. ते दुधाळ नव्हते, म्हणजे आत पाणी गेलेले नव्हते. नव्या १५डब्ल्यू-५० ऑइलवर काही मिनिटे सेल्फ फिरवून तेल सगळीकडे पोचल्यावर मग पुढची कामे हाती घेतली. क्लच दाबला तरी गिअर सुटत नव्हता, तेव्हा क्लच उघडला. प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि पोलादी प्लेटांवर शेजारच्या प्लेटेची नक्षी गंजाने छापल्यासारखी उमटली होती. तेलात बुडालेला क्लचही वर्षानुवर्षे उभा राहिला की असा चिकटतो, याची मला कल्पना नव्हती.

टाकीचे काम मात्र विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण बहुतेक गॅरेजे येथेच चुकतात. टाकीतून निघालेले पेट्रोल काळ्या चहासारखे होते आणि त्याला वॉर्निशचा वास येत होता. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा ओढून घेते. तो ओलावा पुढे पाण्याच्या रूपाने तळाशी बसतो आणि पत्रा आतून गंजत जातो. अशा वेळी टाकीत आतून लेप देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मिस्त्रींनी तो साफ नाकारला. गंजावर दिलेला लेप वर्षा-दोन वर्षांत पोपडे धरतो आणि ते पोपडे थेट कार्बोरेटरच्या वाटेला लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्यांनी पेट्रोलचा काटा चालवणारा सेन्सर काढून ते भोक रबराच्या तुकड्याने बंद केले आणि कोमट पाण्यात सुमारे एक किलो लिंबूसत्त्व विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरली. टाकी अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो, म्हणून ती काठोकाठच भरायची. चोवीस तासांनी निघालेले पाणी हिरवट-तपकिरी होते. दुसऱ्या फेरीचे पाणी बरेच स्वच्छ निघाले. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले, टाकी गरम हवेने वाळवली आणि ती थंड होताच आतून तेलाचा पातळ हात फिरवला. कारण उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतो. टॉर्चच्या उजेडात मी आत पाहिले तेव्हा तळाशी राखाडी पत्रा दिसत होता. एका शिवणीजवळ काळसर डाग उरला होता आणि तो त्यांनी आपणहून दाखवला.

कार्बोरेटरच्या बाबतीत एक बारकावा माझ्या लक्षात राहिला. पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी तोटी, हा सुईच्या छिद्राएवढा भाग असतो आणि गोठलेल्या पेट्रोलने तो पूर्ण बुजला होता. मदतनीस पोरगा क्लचच्या केबलमधील तारेचा एक धागा घेऊन पुढे आला, तोच मिस्त्रींनी त्याच्या हातातून ती तार काढून घेतली. "तार घातलीस की भोक मोठं झालं. मग गाडी आयुष्यभर जास्त पिणार." त्यांनी जेट रात्रभर क्लीनरमध्ये भिजवला, सकाळी दात घासायच्या ब्रशाच्या एका केसाने मोकळा केला आणि हवेच्या झोताने फुंकला. डायफ्रॅम, म्हणजे कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा, दिव्यासमोर धरून त्याला कुठे टाचणीएवढेही भोक नाही ना, ते पाहिले. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधील रबरी रिंगा मात्र एकूण एक बदलल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुनी, कडक झालेली रबरे त्यात टिकत नाहीत, हे कारण मला पटले.

पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके होते. मिस्त्रींनी माझे बोट धरून नखाने त्यांवरून फिरवले. नख अडकले तर त्या जागी सील फाटणार, नाही अडकले तर बारीक कागदाने घासून भागणार, असा त्यांचा सरळ हिशेब. एका ठिकाणी नख किंचित अडकले. पण ती जागा सीलच्या फिरण्याच्या पट्ट्याच्या वर होती, त्यामुळे नवी नळी घेण्याचा खर्च वाचला. ब्रेकचे दोन्ही कॅलिपर उघडून पिस्टन साफ केले, सील आणि ब्रेकचा डॉट ४ द्रव नवे घातले. टायरांचा प्रश्नच नव्हता. बाजूवर छापलेले चार अंक ३८१६ असे होते, म्हणजे टायर २०१६ च्या अडतिसाव्या आठवड्यातले. नक्षी चांगली शिल्लक असूनही रबराला भेगा गेल्या होत्या. पुढचे ९०/९०-१९ आणि मागचे १२०/८०-१८ हे दोन्ही टायर, नव्या ट्यूबांसह, नाना पेठेतून आणले. चाके उघडलीच आहेत तर आरेही पाहून घेऊ, म्हणून मागच्या चाकाचे गंजून कमकुवत झालेले तीन आरे बदलले गेले आणि चाकाची लचक काढली गेली.

काढलेला प्रत्येक भाग मला परत मिळाला. सील, प्लेटा, प्लग, चेन, उंदरांनी खाल्लेल्या वायरचा तुकडासुद्धा, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून आणि वर पेनाने तारीख टाकून. हा विश्वास मला आजवर कोणत्याही मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळालेला नाही.

आता काचेच्या खोलीविषयी. गाडी चालू झाल्यावर, मला न विचारता, 'फिनिशिंग'साठी ती तिकडे ढकलण्यात आली. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा एक तरुण इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांवर फिरत्या चाकाने पॉलिश करीत होता. झाकणे आरशासारखी चमकत होती आणि मालकांना त्याचे फार कौतुक होते. परंतु कारखान्यातून येताना या झाकणांवर पारदर्शक लेप असतो. तो पॉलिशने उडाला की उघडे ॲल्युमिनियम दमट हवेत पांढुरके पडते. सायलेन्सरची गत त्याहून वाईट झाली. गंजाचे पुरळ अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात ओली करून हलक्या हाताने घासले असते तरी निम्मे उतरले असते, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते आणि त्यावर ओरखडा उठत नाही. येथे मात्र चाक इतके दाबले गेले की क्रोमचा मुळात पातळ असलेला थर वळणाजवळ उडून खालचे पिवळसर निकेल उघडे पडले. क्रोमची छटा निळसर असते. एकदा हा फरक डोळ्यांना कळला की तो दिसत राहतो.

शेवटी गाडी प्रेशर वॉशरने धुतली गेली. ज्या गाडीचे कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आणि चाकांचे बेअरिंग आठवड्यापूर्वीच स्वच्छ करून ग्रीसने भरले होते, त्याच गाडीवर हातभर अंतरावरून पाण्याचा तो झोत मारणे म्हणजे मिस्त्रींच्या कामावरच पाणी फिरवणे होते. हे मी बोलून दाखवले. मालक म्हणाले, "सर, सगळेच असं धुतात." मिस्त्री आतून पाहत होते, पण काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी उजव्या हाताचा स्विच दगा देऊ लागला. तो उघडला तेव्हा आत पाण्याचे थेंब होते.

तक्रार केल्यावर पॉलिशचे २५०० रुपये मालकांनी बिलातून वजा केले आणि स्विच विनामूल्य दुरुस्त करून दिला, याची नोंद करायला हवी. सायलेन्सरची भरपाई मिळाली नाही. सुरुवातीचा अंदाज २८००० रुपयांचा होता. अंतिम बिल ३४६०० रुपये झाले, वजावटीनंतर ३२१००. वाढ मुख्यतः क्लचच्या प्लेटा आणि ब्रेकमुळे झाली, आणि दोन्ही वेळा मला आधी फोन आला होता. दिवसांचा हिशेब मात्र पार कोलमडला: पंधरा सांगितले, तेहतीस लागले. टायर आल्यावर गाडी आठ दिवस नुसती उभी होती आणि त्याचे कोणतेही समाधानकारक कारण मला सांगण्यात आले नाही.

कागदपत्रांचे काम गॅरेज करीत नाही, ते स्वतःच करावे लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला महाराष्ट्रात आता उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी (एचएसआरपी) बसवावी लागते. विमा संपलेला असतो आणि पीयूसी तर असतेच संपलेली. गाडी गॅरेजमध्ये असतानाच विमा आणि पट्टीची वेळ घेऊन ठेवली तर तयार गाडी पुन्हा पार्किंगमध्ये अडकून पडत नाही.

पहिल्या मोठ्या चालीसाठी मी सुरूर, वाई आणि पसरणी घाटातून महाबळेश्वरला गेलो. इंजिनाचा तो जुना, अंतर राखून पडणारा ठोका तसाच आहे. साठ-सत्तरच्या वेगात गाडी जशी पूर्वी शांत चालायची तशीच चालली, आणि घाटात क्लचने एकदाही कुरकुर केली नाही. मिस्त्रींनी पेट्रोलच्या नळीवर एक पारदर्शक फिल्टर बसवला होता आणि तो दोनशे किलोमीटरनंतर दाखवायला आणा, असे बजावले होते. वाईला चहासाठी थांबलो तेव्हा वाकून पाहिले, तर फिल्टरच्या तळाशी तांबड्या मातीसारखी चिमूटभर पूड बसलेली होती. परत आल्यावर त्यांनी तो फिल्टर बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतरच्या पाचशे किलोमीटरमध्ये दुसऱ्या फिल्टरमध्ये पुडीचे जेमतेम चार-पाच कण आले आहेत.

जुनी टूरिंग गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर मी याच गॅरेजमध्ये, याच मिस्त्रींकडे पुन्हा जाईन. मात्र या खेपेला जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहीन: प्रेशर वॉश नको, क्रोम आणि ॲल्युमिनियमला यंत्राचे पॉलिश नको, आणि गाडी काचेच्या खोलीत न्यायची असल्यास आधी मला फोन करावा. सायलेन्सरवरची ती पिवळी पट्टी बदलायला नवा सायलेन्सर घ्यावा लागेल. सध्या तरी तो विचार मी पावसाळ्यापलीकडे ढकलला आहे, आणि प्लास्टिकचे आच्छादन फेकून देऊन जुनी सुती चादर गाडीवर घातली आहे.