तिकिटांच्या कागदासाठी घेतलेला डिजिटल थिकनेस गेज, आठ महिने वापरून

जुन्या पोस्टाच्या तिकिटांचा कागद ओळखायला म्हणून जाडी मोजायचा हा गेज घेतला त्याला आठ महिने झाले, आठवड्यातून दोन-तीनदा तरी हातात असतो, म्हणून आता लिहितेय. वस्तू चांगलीये, घ्या, पण कागदाचं सगळं कोडं हा एकटा सोडवेल असं समजून घेऊ नका.

आवडलेलं आधी. मोजायची दोन्ही टोकं सपाट आहेत आणि स्प्रिंगवर हळूच टेकतात. याआधी मी वर्कशॉपमधला स्क्रूवाला मायक्रोमीटर वापरायचे, त्यात बोटाचा जोर कमीजास्त झाला की आकडा बदलायचा आणि मऊ कागदावर चक्क गोल खूण उठायची, एक चांगलं तिकीट त्यात गेलं त्याचं अजून वाईट वाटतं. दुसरं म्हणजे लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारा सगळ्यात लहान फरक, ०.००१ मिमी आहे. हे बघूनच घ्या, कारण तिकिटाचा कागद बहुतेक वेळा ०.०८ ते ०.१० मिमीच्या आसपास असतो आणि पातळ-मध्यम यात कधी कधी ०.०१ चाच फरक, तो ०.०१ वाल्या गेजवर धड कळतच नाही. शेवटचा आकडा मात्र जरा नाचतो, म्हणून मी चारही कोपऱ्यांजवळ मोजते आणि सरासरी धरते.

मोजताना माझ्या सुरुवातीला झालेल्या चुका सांगते. मागे हिंजचा (अल्बममध्ये तिकीट लावायच्या कागदी पट्टीचा) तुकडा चिकटलेला असेल तर तुम्ही हिंज मोजताय, तिकीट नाही. मूळ गम (मागचा डिंकाचा थर) असेल तर तोही आकड्यात येतो, त्यामुळे गमवालं तिकीट आणि धुतलेलं तिकीट शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि पाण्यातून काढलेलं तिकीट त्याच दिवशी मोजू नका, ओलावा राहिला की कागद फुगलेला असतो, मी दोन दिवस ब्लॉटिंगमध्ये (टिपकागदात) दाबून ठेवते.

आता कुठे गेज कमी पडला ते. अमेरिकेची १८७० च्या दशकातली बँक नोट तिकिटं (नोटा छापणाऱ्या कंपन्यांनी छापलेली म्हणून हे नाव) घ्या, डिझाइन बरीचशी तीच, पण १८७९ मध्ये अमेरिकन बँक नोट कंपनीकडे काम आलं आणि कागद मऊ, सच्छिद्र झाला, आधीचा कडक होता. माझ्याकडच्या ढिगातली मी सगळी मोजली, तासभर आकडे लिहिले, आणि दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले! शेवटी उजेडासमोर धरल्यावर उलगडलं, मऊ कागद आतून जाळीसारखा, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, कडक कागद एकसारखा. जाडी सारखी असली तरी घडण वेगळी असू शकते हे मला तेव्हा नीट कळलं.

लेड आणि वोव्ह या दोन प्रकारच्या कागदांचंही तसंच. लेड कागदात उजेडात समांतर रेषा दिसतात, वोव्हमध्ये नाही, त्या गेजला कशा कळणार? आणि तिथेच तर खरी गंमत आहे, कॅनडाच्या १८६८ च्या लार्ज क्वीनमधलं (राणी व्हिक्टोरियाचं चित्र असलेल्या मोठ्या आकाराच्या तिकिटांमधलं) २ सेंटचं तिकीट लेड कागदावर फक्त तीनच माहीत आहेत, त्यातलं तिसरं २०१३ मध्ये सापडलं. इतकी वर्षं ते कुणाच्या तरी संग्रहात किंवा ढिगात पडून होतं या विचारानेच मी प्रत्येक लार्ज क्वीन उजेडात धरते.

गेजसोबत लाँगवेव्ह यूव्ही टॉर्चही ठेवा. कागदात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते, यूव्हीत चमकणारं रसायन) मिसळायला साधारण १९५० नंतर सुरुवात झाली, त्यामुळे १८८० चं म्हणून विकलेलं तिकीट निळसर पांढरं झगझगीत चमकलं तर थांबायचं. पण लगेच नकली म्हणू नका, पांढऱ्याशुभ्र पाकिटाच्या तुकड्यासकट भिजवलं असेल तर ब्राइटनर पाण्यातून त्याच्यावर उतरतो. मी आता असे तुकडे वेगळ्या भांड्यात भिजवते.

तक्रारी दोनच. बंद केला तरी बॅटरी उतरते, म्हणून काम झालं की काढून ठेवते. आणि टोकं आत फार पोचत नाहीत, मोठ्या तिकिटाचा मधला भाग मोजताच येत नाही, मागून पॅच मारलेलं दुरुस्त तिकीट पकडायला तोच भाग हवा असतो.

पाचपैकी चार स्टार. झिरो करायच्या आधी टोकांमधून कोरा कागद एकदा ओढून घ्या, धुळीचा कण अडकला असेल तर ०.०१ सहज जास्त दाखवतो.