दोन सामन्यांचा स्टार की चार सामन्यांचा साधा खेळाडू?

एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) फॅन्टसीची, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर चालणाऱ्या खेळातली, या आठवड्याची टीम लावताना एका मित्राला पेच पडलाय: बड्या खेळाडूचे दोनच सामने, साध्याचे चार. घ्यायचं कोणाला?

आधी पॉइंट्स, म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून. २०२३-२४ मध्ये टॅम्पा बेच्या निकिता कुचेरोव्हने ८१ सामन्यांत १४४ केले. दोन सामन्यांचे साडेतीन धरा. हंगामात ५० करणारा चार सामन्यांतही अडीचच्या आतच राहतो. कुचेरोव्हला बाकावर बसवणं चूकच! पण 'बडा' म्हणजे ८० पॉइंट्सवाला असेल, तर दोन सामन्यांत त्याचे जेमतेम दोन होतात. तिथे चार सामनेवाला सरस.

हिट्स (प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या धडका), ब्लॉक्स (अंगावर अडवलेले फटके) मोजणाऱ्या फॅन्टसी लीगमध्ये त्याचं पारडं आणखी जड. पॉवर प्लेचे, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचे, पॉइंट्स हवे असतील तर मात्र त्यासाठी आधी उतरणाऱ्या पहिल्या युनिटमधलाच खेळाडू बघा.

गोलकीपरचं गणित निराळं. लागोपाठच्या दोन रात्री सामने असले की मुख्य गोलकीपरला बहुधा एकच मिळतो. त्यामुळे वेळापत्रकातले चार सामने त्याच्यासाठी तीनच समजा.

गोल-असिस्ट कमी पडत असतील तर खरा स्टार ठेवा. हिट्स-ब्लॉक्समध्ये मागे असाल तर चार सामनेवाला खेळवा.